मुद्देमालातली होडी

होडी पाण्यात कितीही वर्षं राहू द्या, तिला काही होत नाही. तिचा जीव घ्यायचा असेल तर तिला कोरड्यात ठेवायची. नावाड्याच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोलीस ठाण्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ठाऊक असायचं कारणही नव्हतं. त्यांनी होडी ट्रॉलीत घालून बाजारगावी आणली, ठाण्याच्या मागच्या आवारात गंजक्या मोटरसायकली आणि एका जळक्या जीपच्या शेजारी टेकवली, तिच्या काठाला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि म्हणाले, हा मुद्देमाल. वर ना झाड, ना पत्रा. उन्हाळा नुकताच लागलेला होता.

होडीचा गुन्हा एवढाच, की ती त्या दिवशी नेहमीसारखी काठाला बांधलेली होती. नदीपलीकडच्या शाळेतल्या मास्तरीणबाई रोज तिच्यातूनच जायच्या-यायच्या. तळाला पाणी साठलं की न सांगता डबा उचलून उपसायला लागायच्या, आणि उपसता उपसता म्हाताऱ्या नावाड्याला म्हणायच्या, "आबा, काल इथं काठ होता, आज दिसत नाही." काठ वाळूच्या ठेकेदारानं नेलेला असायचा. बाईंनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या, यंत्रांचे फोटो काढून वरपर्यंत पाठवले, ठेका बंद पाडायची वेळ आणली. मग एका सकाळी होडी जागेवर नव्हती, नुसता कापलेला दोर होता. होडी खालच्या वळणावर लव्हाळ्यात अडकलेली सापडली, आणि तिच्यापासून थोडं खाली बाई सापडल्या.

ठेकेदाराच्या मुलाला सगळे धाकटे शेठ म्हणत. त्याला पकडलं तेव्हा टीव्हीच्या गाड्या नदीपर्यंत आल्या, आणि ज्या पोरीबाळींनी कधी कॅमेरा पाहिला नव्हता त्या कॅमेऱ्यापुढं बोलायला शिकल्या. पुढं पुढं साक्षीदार एकेक करून घसरले. कुणाला काही आठवेना, कुणी परगावी पोरीकडं राहायला गेला. होडी मात्र कुठं जाणार? तिच्या तळाच्या दोन फळ्यांच्या सांध्यात बाईंचं रक्त निघालं, आणि त्याच सांध्यात धाकट्या शेठचंही, कारण होडीच्या काठावरच्या खिळ्यानं त्याचा तळहात फाडला होता. सगळा खटला त्या वितभर सांध्यावर उभा होता.

आणि नावाड्याचं घरही त्याच होडीवर उभं होतं, याचं कुणाला काय पडलं होतं!

नावाड्याच्या सुनेला गाव तोफ म्हणायचं. रास्तच होतं ते. तिच्या तोंडाला लागायला ग्रामसेवकसुद्धा बिचकायचा. म्हाताऱ्याला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, सगळे आबा म्हणत. आबांनी तरुणपणी स्वतः झाड निवडून, स्वतः फळ्या पाडून ती होडी केली होती. नवरा वल्हं मारायचा. आबा दर वर्षी पावसाच्या आधी सांध्यांत काथ्या ठासून वर डांबर ओतायचे. सूनबाई उतारू चढवायची, उतरवायची आणि बाचाबाची करायची. तिघांचं काम तीन ठिकाणी, पण एकाच होडीत. होडी गेली आणि तिघं घरात एकमेकांच्या पायात पाय घालत हिंडायला लागले.

होडी परत मिळावी म्हणून आबांच्या नावानं अर्ज केला. सरकारी वकील म्हणाले, सोपं आहे, हमीवर मिळते, पुढच्या तारखेला होऊन जाईल. पुढच्या तारखेला धाकट्या शेठचे मोठे वकील शहरातून आले. उंच, गोरेगोमटे, आवाज कधी म्हणून चढवायचे नाहीत, आणि प्रत्येकाला जी लावायचे. त्यांनी होडी देण्याला हरकत घेतली. आरोपीलाही आपल्या तज्ज्ञाकडून होडी तपासून घ्यायचा हक्क आहे, म्हणाले, तोवर ती आहे तशी राहिली पाहिजे. बरोबर आहे, कोर्ट म्हणालं. तज्ज्ञ कधी येणार? लवकरच, म्हणाले.

तो तज्ज्ञ काही येईना. त्याच्याऐवजी अर्ज येत राहिले. वर्तमानपत्रांनी खटल्याबद्दल लिहू नये असा एक अर्ज. पोलिसांनी दिलेल्या कागदांच्या प्रती पुसट आहेत म्हणून एक. या गावात निःपक्ष न्याय मिळणार नाही, खटला दुसरीकडं हलवा, म्हणून एक. धाकट्या शेठला या प्रकरणातून मोकळंच करा, म्हणूनही एक झाला. एक फेटाळला की त्यावर वरच्या कोर्टात धाव, वरच्या कोर्टाचा कागद खाली येईपर्यंत इथं तारीख. खुनाचा आरोप अजून कोर्टानं धड वाचूनही दाखवला नव्हता, आणि सूनबाईच्या चपलेचा अंगठा दोनदा शिवून झाला होता.

पहिल्या काही तारखांनंतर ती आबांना घेऊन ठाण्याच्या मागं गेली. होडी पाहिली आणि आबा तिच्या काठाला लागून उकिडवे बसले. फळ्या आकसल्या होत्या. सांध्यांतला काथ्या सुटून बाहेर लोंबत होता. एका ठिकाणी तर भेगेतून पलीकडचं गवत दिसत होतं. आबांनी भेगेत करंगळी घातली, ती आरपार गेली. करंगळी तशीच आत ठेवून ते बसून राहिले.

सूनबाईचं डोकं फिरलं. ती तडक हवालदाराकडं गेली. मुद्देमालाची खोली त्याच्या ताब्यात असायची. माणूस निवृत्तीला टेकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"होडी मारताय तुम्ही आमची," ती म्हणाली.

"मी कशाला मारू, बाई? कोर्टाचा हुकूम आहे, आहे तशी ठेवायची."

"आहे तशी कुठं राहिलीय? या, बघा. आणली तशी आहे का ती?"

हवालदार आला, त्यानंही भेग पाहिली. "मग काय करायचं म्हणता?"

"पाणी घालायचं. लाकूड फुगलं की सांधा मिटतो."

"आणि ते रक्ताचं?"

"ते तुम्ही काढून नेलं ना?"

"नेलं की. खरवडून नेलं, तपासून झालं, त्याचा अहवालपण आलाय कोर्टात."

"मग आता तिथं काय ठेवलंय?"

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग हनुवटीनंच दाखवलं, नळ भिंतीपलीकडं होता, बादली आंघोळीच्या मोरीत होती. "मी काही बघितलं नाही," तो म्हणाला, आणि खरोखरच पाठ फिरवून चहाला गेला.

त्या दिवसापासून दर तारखेला तेच. पुकारा व्हायचा, मोठे वकील उठायचे, पुढची तारीख पडायची, की सूनबाई ठाण्यामागं जाऊन बादल्या ओढायची. आधी होडीच्या तळात पाणी भरायचं, बाहेरून ओल्या पोत्यांनी गुंडाळायचं, पाणी भेगांतून गळून गेलं की पुन्हा भरायचं. तिच्या तळहाताला बादलीच्या कडीचे घट्टे पडले. हळूहळू फळ्या पाणी धरायला लागल्या, करंगळी जाणारी भेग नखाएवढी झाली. मास्तरीणबाईंचं रक्त निघालेल्या सांध्याभोवती पोलिसांनी खडूनं गोल काढला होता, तो केव्हाच पुसला गेला. त्या जागी पाणी ओतताना तिचा हात दर वेळी थोडा अडायचा. मनात म्हणायची, बाई, रागावू नका, तुम्हालाही ही कोरडी पडलेली आवडली नसती. आणि ओतायची.

घरी वेगळंच सुरू होतं. पुलावरून फेरा घालून जायची लोकांना सवय लागत होती. नवऱ्याला काठावर बसून करायला काही उरलं नव्हतं. एके दिवशी तो घरी आला तेव्हा त्याच्या कानामागं, भुवयांत, मानेच्या घडीत वाळू होती. सूनबाईनं पाहिलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कुठं गेला होता?"

"कामाला."

"कुणाच्या?"

तो पाय धुवायला लागला. धुतलेलं पाणी दगडावरून वाहून गेलं आणि मागं वाळूची बारीक रेघ राहिली.

"दुसरं काम आहे का कुठं?" तो म्हणाला. "पाटी उचलायला दुसरं कोण बोलवतं? तिथं कुणी विचारत नाही तू कोण म्हणून."

"विचारत कशाला बसतील? ओळखतात ते तुम्हाला. हसत असतील पोट धरून. ज्याची होडी अडकवली तोच आमच्या पाट्या वाहतोय म्हणून."

"हसतात," नवरा म्हणाला. "मुकादमानं आज विचारलं, होडी पोहायला शिकली का ठाण्यात."

ती त्याच्यावर ओरडणार होती, पण त्याच्या खांद्याची साल निघालेली दिसली. तिनं खोबरेल तेलाची बाटली आणून त्याच्या पुढ्यात आदळली. तेल त्याचं त्यानंच लावलं.

तज्ज्ञ आला तो उन्हाळा सरत आल्यावर. सूट घातलेला, हातात रबरी मोजे. त्यानं होडीवरची पोती उचलली. तळाला ओल होती, सांध्यांवर हिरवं शेवाळ धरलं होतं, एका कोपऱ्यात गवताचं पातंसुद्धा उगवलं होतं. तो वाकून सगळीकडून पाहून घेऊ लागला. फोटो काढले, पातं चिमट्यानं उपटून पिशवीत घातलं आणि निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या वकिलांचा अर्ज. पुराव्याशी छेडछाड झाली आहे. ज्या जागी रक्त सापडलं म्हणतात ती जागा होडीमालकाच्या कुटुंबानं वारंवार धुतली. आता आरोपीला स्वतःची तपासणी करता येणं शक्य नाही. सबब होडी आणि तिच्यावरचा आधीचा अहवाल, दोन्ही खटल्यातून वगळावेत. टीव्हीवर संध्याकाळपर्यंत एकच ओळ फिरत होती, पुराव्यावर पाणी. शेजारणीनं मुद्दाम टीव्हीचा आवाज मोठा केला.

सरकारी वकिलांनी तिला बोलावून घेतलं. कागदांचे गठ्ठे दोन्ही बाजूंनी लागलेले, मध्ये ते घामाघूम.

"अक्कल गहाण टाकली होती का?" ते म्हणाले. "मुद्देमालाला कुणी हात लावतं का?"

"तुम्हीच म्हणाला होता पुढच्या तारखेला मिळेल. ती पुढची तारीख कुठंय?"

"उलट बोलू नका. माझ्या खटल्याची माती केलीत तुम्ही." त्यांनी रुमालानं मान पुसली आणि आवाज खाली आणला. "हे बघा. कोर्टात विचारतील. सांगायचं, नुसती पोती टाकली उन्हासाठी. पाणी पावसाचं असेल."

"उन्हाळ्यात?"

"वळवाचं असेल. कुणी मोजलंय?"

"हवालदारानं नळ दाखवला मला."

"हवालदार म्हणतो त्यानं काही बघितलं नाही."

ते मात्र खरं होतं. ती बाहेर आली. व्हरांड्यात बाकावर मास्तरीणबाईंची आई बसली होती. प्रत्येक तारखेला बसायची, मांडीवर पिशवी घेऊन, सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी जायची. आजवर दोघींमध्ये आलात का, निघालात का, यापलीकडं बोलणं झालं नव्हतं.

"तुम्ही ओतलंत पाणी?" आईनं विचारलं.

"हो."

"का?"

"होडी फुटत होती."

आईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "माझी पोर त्या होडीत गेली," ती म्हणाली. "तिचं तेवढंच उरलं होतं तिथं. आणि तुम्हाला होडीची काळजी."

गावाची तोफ तशीच वळली. ती जिन्याच्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली तेव्हा मागून कुणीतरी हळूच ताई म्हणून हाक मारली. मोठ्या वकिलांचा ज्युनिअर होता. पोरगेलासा, हातात कोऱ्या कागदांची वही.

"साहेबांनी निरोप दिलाय," तो म्हणाला. "तुम्हाला खोटं काही बोलायचं नाही. जे झालं ते सांगा. पाणी ओतलं ना? ओतलं म्हणा. मग होडीचा खटल्याला उपयोग नाही. उपयोग नाही म्हटल्यावर आमची हरकत नाही. त्याच दिवशी होडी घेऊन जा."

तो इतक्या सहज बोलला की तिला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. एक जण म्हणतो खोटं बोल म्हणजे खुनी सुटणार नाही, दुसरा म्हणतो खरं बोल म्हणजे होडी मिळेल. आणि मधल्या मध्ये हिनं तोंड उघडलं तरी पंचाईत, मिटलं तरी पंचाईत. घरी पोहोचेपर्यंत ती स्वतःशीच बडबडत होती. रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती.

घरी नवरा म्हणाला, "खरंच तर सांगायचंय. पाप थोडंच आहे."

"आणि तो सुटला म्हणजे?"

"आपण काय करणार? सोडणारे ते, धरणारे ते. आपली होडी तरी येईल. मला ती पाटी उचलवत नाही आता." हे शेवटचं तो इतकं हळू बोलला की तिला राग धरता येईना.

आबा दारात बसून कुणाच्या तरी खिडकीची चौकट तासत होते. होडी गेल्यापासून ते लोकांची असली सटरफटर लाकूडकामं करायचे. त्यांनी डोकं वर केलं नाही. "होडी आली तर पावसाआधी डांबर मारून होईल," एवढंच म्हणाले. सूनबाईला वाटलं, म्हणजे यांचंही ठरलं.

तारखेला कोर्टात बसायला जागा नव्हती. सूनबाईला पिंजऱ्यात उभं केलं. कठड्याचं लाकूड हातांच्या घामानं काळं पडलेलं होतं. मोठे वकील उठले आणि अगदी घरच्या माणसासारखे हसले.

"ताई, होडीत पाणी तुम्ही ओतलंत?"

"ओतलं. पण त्याच्या आधी..."

"आधीचं नंतर बघू. एकदा ओतलंत, की पुष्कळदा?"

"दर तारखेला. तुम्ही तारखा घेत होता, मी पाणी ओतत होते."

मागं हशा पिकला. न्यायाधीशांनी पेन टेबलावर आपटलं. मोठे वकीलही हसले, त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

"पाणी तळाला साठू द्यायचात?"

"साठल्याशिवाय लाकूड पिणार कसं?"

"ज्या सांध्यात रक्त होतं असं पोलीस म्हणतात, तो पाण्याखाली असायचा?"

तिनं सरकारी वकिलांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते. मग तिची नजर मास्तरीणबाईंच्या आईकडं गेली, आणि तिथून ती काही केल्या हलेना.

"ताई, हो की नाही, एवढंच सांगा."

"सांगते की. उन्हात टाकली तुम्ही. भेगा पडल्या. आम्ही अर्ज केला, तुम्ही हरकत घेतली. तज्ज्ञ येतो म्हणालात, आला नाही. तो आला असता तर मला..."

"हो की नाही?"

"साक्षीदारानं विचारलं तेवढंच सांगावं," न्यायाधीश म्हणाले.

तिचे कान तापले. एवढा जन्म तिनं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि इथं दोन अक्षरांपलीकडं तिला तोंड नव्हतं. गुरासारखं दाव्याला बांधून उभं केल्यासारखं वाटलं तिला.

"हो," ती म्हणाली.

"धन्यवाद."

सरकारी वकिलांनी उठून पाणी पोलिसांच्या तपासणीनंतरच ओतलं ना, असं विचारून घेतलं. हो, नंतरच. मोठे वकील बसल्या जागेवरून म्हणाले, आमच्या तपासणीच्या आधी. दोघं मग कायद्याची कलमं एकमेकांवर फेकत राहिले, आणि ती मध्ये उभीच राहिली. तिला खाली उतर म्हणायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी तपासणी खात्याचा अधिकारी बोलला. वरचं धुतलं गेलं असणार, म्हणाला, पण रक्त सांध्यातून आत गेलं असेल तर दोन्ही फळ्यांच्या आतल्या कडांत आणि खालच्या आडव्या लाकडात अजून सापडू शकेल. मात्र त्यासाठी तेवढा भाग कापून काढावा लागेल. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा तुकडा तपासायला देता येईल.

"कापल्यावर होडी दुरुस्त होते?" न्यायाधीशांनी विचारलं.

अधिकाऱ्याला माहीत नव्हतं. उत्तर मागच्या बाकावरून आलं. "नाही होत," आबा म्हणाले. "तो तिचा कणा आहे."

त्यांना पुढं बोलावलं. न्यायाधीश म्हणाले, "आजोबा, होडी तुमची आहे. तुमच्यावर काही गुन्हा नाही. तुमची वस्तू अशी मोडायची म्हणजे तुमचं म्हणणं मला ऐकावं लागेल. हरकत असेल तर सांगा, मग मला दुसरा विचार करावा लागेल."

मोठे वकील आबांकडं वळून मान किंचित झुकवून उभे राहिले, जणू घरातल्या वडीलधाऱ्यापुढं उभे आहेत. ज्युनिअरनं आधीच कागद काढून ठेवला होता. एक शब्द, की होडी घरी. नवरा बाकाच्या कडेवर येऊन बसला होता. सूनबाईनं डोळे मिटले. म्हणा आता, तिला वाटलं, आणि म्हणू नका, असंही वाटलं, आणि दोन्हींची चीड आली.

"आहे का हरकत?"

"आहे," आबा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "हरकत आहे साहेब. पण ती मी घरी जाऊन घेईन. तुम्ही कापा."

मोठ्या वकिलांनी झुकवलेली मान वर केली.

"ती बाई माझ्या होडीत रोज बसायची," आबा म्हणाले. "आणि तुमचा सुतार नको. तो घाईनं घालील करवत कुठंही, आणि सांधा फोडील. मीच कापतो."

न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना विचारलं. सरकारी वकील म्हणाले, काही हरकत नाही. मोठ्या वकिलांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि तेही म्हणाले, आज तरी काही म्हणायचं नाही.

ठाण्यामागच्या आवारात भर उन्हात ते झालं. दोन पंच, दोन तज्ज्ञ, कॅमेरा धरलेला एक शिपाई. आबांनी होडीभोवती एक फेरी मारली, सांध्यावर अंगठ्यानं खूण केली आणि करवत लावली. ओलं लाकूड करवत धरून ठेवतं. दोन हात चालवली की ती अडायची, आबा ती सोडवून पुन्हा लावायचे. नवरा फळीवर गुडघे रोवून बसला होता, त्याच्या मानेवरून घाम करवतीच्या पात्यावर ठिबकू नये म्हणून शिपाई मधूनमधून ओरडत होता. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती. बादली मोरीत होती, आणि आज तिच्या हातांना काही काम नव्हतं. तिनं ते काखेत दाबून धरले होते.

भुसा बाहेर पडला तो काळसर, ओला. मधलं आडवं लाकूड तुटलं तेव्हा होडीनं कड् असा आवाज केला आणि तिच्या दोन्ही बाजू हळूहळू बाहेरच्या अंगाला कलल्या. नवऱ्यानं गुडघे काढून घेतले आणि तोंड फिरवलं. आबांनी कापलेला तुकडा दोन्ही हातांनी उचलून अधिकाऱ्यापुढं धरला. दम लागून त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. मास्तरीणबाईंची आई नळावर गेली, पेला विसळला, भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. ते उभ्यानंच पाणी प्यायले. आई सूनबाईजवळ येऊन भिंतीला टेकली.

आता तुकड्याचा अहवाल यायचा होता. त्याच्या आधी तारीख आली. आबांना त्या दिवशी बाजारगावात कुणाच्या तरी दाराचं काम होतं, म्हणून करवत पोत्यात गुंडाळून काखेतच होती. फाटकावर शिपायानं हटकलं, आबा म्हणाले, हत्यार नाही, पोट आहे. शिपायानं सोडलं.

पुकारा झाला. मोठे वकील उठले. नवा अर्ज होता. कापण्याचं काम साक्षीदाराच्या सासऱ्यानं केलं आहे. ज्या कुटुंबानं आधी पुरावा धुतला, त्याच कुटुंबातल्या, म्हणजे खटल्यात हितसंबंध असलेल्या इसमानं. करवतही त्याचीच. ती आधी कशाकशाला लागली होती, कुणी तपासलेलं नाही. सबब तो तुकडा पुराव्यात धरू नये, आणि करवत ताबडतोब जप्त करण्यात यावी.

"तुम्ही त्या दिवशी हरकत घेतली नव्हती," न्यायाधीश म्हणाले.

"घेतली नव्हती, साहेब. ती मी आज घेतोय."

सरकारी वकील तावातावानं बोलायला उठले, पण न्यायाधीशांनी हात वर केला. उत्तर लेखी द्या, म्हणाले. करवत तोवर जमा करून घ्या. आणि पुढची तारीख पडली.

हवालदार आबांपाशी आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि दोरा होता. वर मान करून बघवत नव्हतं त्याला. "आजोबा, द्या," तो म्हणाला. आबांनी पोतं उलगडून करवत काढून दिली. पातं घासून चकचकीत केलेलं होतं, मुठीवरचा रंग हाताच्या जागी उडालेला होता. हवालदारानं मुठीला चिठ्ठी बांधली. गाठ बसेना, त्यानं ती दातांनी ओढली.

मोठे वकील कागद आवरत होते. आबा त्यांच्या टेबलापाशी गेले आणि आपले दोन्ही हात मनगटं जुळवून पुढं केले. बोटं वाकडी झालेली, नखांत डांबर, उजव्या तळव्याला करवतीचा ताजा फोड.

"हेही जमा करून घ्या," ते म्हणाले. "करवत यांनीच चालवली."

मोठे वकील म्हणाले, "आजोबा, तसं नाही, हा कायद्याचा भाग असतो," आणि ज्युनिअरकडं बघायला लागले. हवालदार करवत घेऊन तिथंच अडखळला. नवरा पुढं झाला. "आबा, चला घरी," म्हणत त्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला.

सूनबाईनं नवऱ्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "बघू दे त्यांना."

पट्टेवाल्यानं पुढच्या खटल्याचा पुकारा केला. दुसरी माणसं आत यायला लागली, त्यांना टेबलापाशी जायला वाट हवी होती. म्हाताऱ्याचे हात तसेच पुढं होते.